कच्च्या तांदळाचे डोहाळे

तुम्ही गरोदर असाल आणि सध्या कच्चे तांदूळ, माती, खडू किंवा बर्फ खावासा वाटत असेल, तर हा लेख इथेच ठेवा आणि आधी रक्त तपासून या. लेख कुठे पळून जात नाही. परत आल्यावर वाचलात तर बरं, नाही वाचलात तरी माझं काम झालं.

मी भंडाऱ्यातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. आजारपणावरची पुस्तकं आमच्याकडे एका कपाटात आहेत आणि ती मी बहुतेक वाचली आहेत. त्यांतल्या माणसांना शेवटच्या प्रकरणात काहीतरी उमगतं. मला जे उमगलं ते कुठल्याही दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेलं असतं, फक्त त्यावर सहसा कुणीतरी पान खाऊन थुंकलेलं असतं.

या घरचे डोहाळे

माझं सासर कारध्याच्या पुढे, नदीपलीकडे. नवरा प्रमोद शहरात बी-बियाण्यांच्या दुकानात कामाला. सकाळी दोघं एकाच गाडीवर पूल ओलांडायचो, संध्याकाळी परत. घरी सासूबाई, थोडी धानाची शेती आणि एक म्हैस. माझी आई माझ्या लग्नाआधीच गेली होती, त्यामुळे दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, आता माहेर आणि सासर दोन्ही मलाच करायचं आहे. ते त्यांनी इतकं मनापासून केलं की पुढचं सगळं लिहिताना हात अडखळतो.

पहिल्या तपासणीत हिमोग्लोबिन नऊ निघालं. अकराच्या वर पाहिजे, असं नर्सबाईंनी सांगितलं, लाल गोळ्या दिल्या आणि पुढच्या महिन्यात परत बोलावलं. शाळेपासूनची सवय, नऊ म्हणजे अकरापैकी नऊ, चांगलेच गुण. गोळी मी रोज न चुकता घेत होते, सकाळच्या चहासोबत. चहा तिचं काम होऊ देत नाही हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मग मळमळ वाढली, पोट साफ होईना, गोळ्यांचं पाकीट देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात गेलं. पुढच्या महिन्यात घरात नवं धान आलं, त्या गडबडीत तपासणी राहिली.

नव्या धानाचे तांदूळ गिरणीतून आले त्या दुपारी सासूबाई सुपात पाखडत बसल्या होत्या. मी जाता जाता चिमूटभर तोंडात टाकले. दाणा दाताखाली कटकन फुटला आणि अंगभर असं काही सुख पसरलं की मी तिथेच जमिनीवर बसले. दुसरी चिमूट. मग मूठ. सासूबाई पाहत होत्या. ओशाळून मी उठायला लागले तर त्यांनी सूपच पुढे सरकवलं.

"कायले लाजतेस? खाय. लेकरू मागून राहिलं तं द्यावंच लागते."

लहानपणी कच्चे तांदूळ खाल्ले की लग्नात पाऊस पडतो म्हणून मार मिळायचा. आता लग्न होऊन गेलं होतं, पावसाची भीती नव्हती. सासूबाईंनी शेजारी सांगितलं, नातेवाइकांत सांगितलं. त्यांच्या आवाजात अभिमान होता. या घरात आलेल्या प्रत्येक बाईला तांदळाचेच डोहाळे लागतात, त्यांना लागले होते, त्यांच्या सासूला लागले होते. कुणा घराण्यात तलवार असते, कुणात पैठणी. आमच्यात हे होतं.

मी नवस बोलत नाही, ग्रहणात बाहेर फिरते, आरतीला फक्त प्रसादापुरती हजर असते. पण पोटातलं बाळ तांदूळ मागतं आहे यावर मी शंका घेतली नाही. मलाही ते आवडलं होतं. आत कुणीतरी आहे आणि त्याची आवड ठरलेली आहे. सासूबाई रोज एका स्टीलच्या डब्यात निवडलेले तांदूळ भरून माझ्या पिशवीत ठेवायच्या. वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करताना मी ते चघळत बसायचे. वाचक समजायचे मी बडीशेप खाते.

दरम्यान वाचनालयाचा जिना चढताना मला धाप लागायला लागली. छाती धडधडायची, ओणवं झालं की डोळ्यांपुढे अंधार. गरोदरपणात होतंच, असं प्रत्येकीने सांगितलं आणि ते खरंही असतं, म्हणून तर ते घातक. चेहरा पांढरा पडत चालला तेव्हा गावातल्या बायकांनी माझं कौतुक केलं. पोटुशीला तेज आलं, गोरी दिसून राहिली, पोरगीच होणार. पोरगी होणार एवढं त्यांचं बरोबर निघालं.

मंडपात

सातव्या महिन्यात शहरातल्या एका मंगल कार्यालयात सामूहिक डोहाळजेवण होतं. भरवणारे एक स्थानिक पुढारी होते. फलकावर त्यांचा फोटो एवढा मोठा होता की गरोदर तेच आहेत असं वाटावं. मला अजिबात जायचं नव्हतं. पण सासूबाईंनी माझं नाव दिलं होतं, आई नाही म्हणून पोरीची हौस राहू नये म्हणून. मी हिरवी साडी नेसले.

मान्यवर उशिरा येणार होते. तोवर आम्हा बायकांना ओळीने बसवलं आणि मागच्या बाजूला एका टेबलावर रक्ततपासणी उरकायला घेतली. तिथल्या मुलीने माझं बोट टोचलं, यंत्राकडे पाहिलं, दुसरं बोट टोचलं. मग माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. ती काही बोलणार तेवढ्यात बाहेर फटाके वाजले. मान्यवर आले होते. कार्यकर्त्यांनी आम्हाला घाईने मंचावर नेलं.

मग भाषणं. मातृशक्ती, जिजाऊ, भारताची भावी पिढी. ती मुलगी मंचाच्या पायऱ्यांशी उभी राहून माझ्याकडे हात करत होती आणि एक कार्यकर्ता तिला कार्यक्रम झाल्यावर, असं समजावत होता. एक बाई येऊन ओटी भरून गेली. पदरात तांदूळ, नारळ, हळकुंड. मी एवढ्या लोकांसमोर त्या ओटीतलेच तांदूळ तोंडात टाकले. राहवेना. सूत्रसंचालकाच्या ते लक्षात आलं आणि त्याने माईकवर विनोद केला, की ताईंच्या बाळाला भूक लागली, आता भाषण आवरायला हवं. लोक हसले. मीही हसले. तो हसतानाचा फोटो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आला.

फोटो झाले, मान्यवर गेले, तेव्हा ती मुलगी वर येऊ शकली. तिच्यामागून एक डॉक्टरबाई आल्या. त्यांनी माझी नाडी धरली आणि सासूबाईंना सांगितलं की हिला घरी नेऊ नका, इथूनच दवाखान्यात न्या. रक्त सहाच्याही खाली आहे.

सासूबाईंनी विचारलं, जेवण झाल्यावर नेलं तर चालेल का. पुरणाच्या पोळ्या होत्या. त्यांना खरंच वाटलं होतं की उपाशी नेणं वाईट.

आम्ही रिक्षाने गेलो. ओटीचे तांदूळ पदरात तसेच होते.

खाट

दवाखान्याबद्दल माझी तक्रार नाही. तिथे सगळे कामात होते, आणि माझ्यासारख्या बऱ्याच होत्या. पहाटे पुसलेल्या फरशीचा वास, मग तापमान घेणारी नर्स, मग डॉक्टरांची फेरी, मग डबे. शेजारच्या खाटेवर साकोलीकडची एक बाई होती, तिचं तिसरं बाळंतपण. पहिल्या दिवशी तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "नोकरीवाली हायेस ना? मंग तू कशी काय आमच्यात आलीस?" 

पहिली पिशवी रक्तपेढीने लगेच दिली. पुढच्या पिशव्यांसाठी माणसं आणा म्हणाले. लग्नाच्या वरातीत डीजेपुढे घाम गाळणारे प्रमोदचे चुलतभाऊ एकाएकी नाजूक झाले. एकाला ताप आला, एकाची गाडी बंद पडली, एकाला बायको पाठवेना. प्रमोदने स्वतःचं रक्त दिलं आणि त्यांच्याशी बोलणं टाकलं, ते अजून टाकलेलंच आहे. वाचनालयात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या दोन मुली न बोलावता आल्या. एकीचं घेतलं. दुसरीला तपासून परत पाठवलं, तिचं तिलाच पुरत नव्हतं.

प्रमोद भांडला तो फक्त एकदाच, आणि तेही आईशी नाही, माझ्याशी. "तू एवढी पुस्तकं वाचतेस, तुले नाही समजलं?" मग स्टुलावर बसून माझे पाय चेपत राहिला. मी म्हटलं, मला वाटलं बाळ मागतंय. तो म्हणाला, "मले बी तसंच वाटलं." आमच्यात यावर एवढंच बोलणं झालं.

सासूबाईंचं बोट

फेरीच्या वेळी मंडपातल्या त्याच डॉक्टरबाईंना माझ्या चादरीवर तांदळाचे दाणे दिसले. त्यांनी एक उचलून विचारलं, हे काय. सासूबाई माझ्या आधी बोलल्या, डोहाळे आहेत म्हणून. आमच्या घरातल्या सगळ्या बायकांना हेच लागतात, हेही सांगितलं. तोच अभिमानाचा आवाज.

डॉक्टरबाई थकलेल्या होत्या, पण चिडल्या नाहीत. माझ्या खाटेच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, "हे डोहाळे नाहीत, आजी. अंगातलं लोह संपलं की असं काहीबाही खावंसं वाटतं. कुणाला माती, कुणाला तांदूळ. बाळ मागत नाही हे. त्याला यातलं काहीच मिळत नाही."

सासूबाईंनी चादरीवरचे उरलेले दाणे मुठीत गोळा केले. मग हळूच म्हणाल्या, "पण मले तं अजून बी वाटते खावंसं."

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि नर्सला त्यांचंही बोट टोचायला सांगितलं. आकडा माझ्या पहिल्या आकड्याहूनही कमी होता. त्या आदल्या दिवशी रक्तपेढीच्या दारात उभं राहून 'माझं घ्या' म्हणत होत्या.

दुपारी वॉर्ड झोपलेला होता. सासूबाई स्टुलावर बसून बोटाला लावलेला कापूस दाबून धरत होत्या, रक्त कधीचं थांबलं असूनही. त्या बोलायला लागल्या ते माझ्याकडे न पाहता. या घरात सून आली की सगळ्यात शेवटी जेवते. आधी गडीमाणसं, मग पोरं, मग सासू, मग ती. भात उरायचा, वरण उरेलच असं नव्हतं, भाजीचा रस्सा भांड्याला लागलेला. त्यांनी त्याला कधी उपास म्हटलं नाही. पोट भरायचं. आणि मग तांदळाची ओढ लागायची, आणि मग सासू कौतुकाने सूप पुढे करायची.

"माह्ये दोन गेले प्रमोदच्या आधी," त्या म्हणाल्या. "एक पोटातच. एक पोरगा, सहा दिवसाचा होऊन. मी दोघायच्या बी वेळी तांदूरच खाऊन राहिली होती. सासू म्हणे, लेकरायले मानवले नाही."

लग्नाला चार वर्षं झाली होती. ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. प्रमोदलाही अर्धीच ठाऊक होती.

मी स्वतः शेवटी जेवत होते का? होते. मला कुणी सांगितलं नव्हतं. कामावरून आले की प्रमोद भुकेलेला असायचा, सासूबाई मी जेवल्याशिवाय जेवायच्या नाहीत, मी त्यांच्याशिवाय बसायचे नाही, आणि आम्ही दोघी मायेने एकमेकींसाठी थांबत भातावर भागवायचो. जुलूम असता तर मी ओळखला असता. त्यावर वाचनालयात भरपूर पुस्तकं आहेत.

ती

दुसरी पिशवी चालू असतानाच अंगावरून पाणी गेलं. दिवस भरायला बराच अवकाश होता.

बाळंतपण आणि रक्त यांचा संबंध डॉक्टरबाईंनी आधी समजावला होता, तो इथे सांगते, कारण त्यासाठीच हे लिहिते आहे. प्रसूतीत प्रत्येकीचं रक्त जातं. अंगात साठा असेल तर बाई ते सोसून उठते. नसेल तर साधा रक्तस्रावही तिला घेऊन जाऊ शकतो. आणि आईचं रक्त कमी असलं की बाळ लहान राहतं, कधी वेळेआधी येतं. माझ्या बाबतीत यातलं सगळंच झालं, फक्त मी गेले नाही.

ती आली तेव्हा दिवस होता, खिडकीतून ऊन येत होतं. तिच्या अंगावर पांढरा चिकट थर होता. प्रसूतिगृहातली एक म्हातारी आया सवयीने म्हणाली, "तांदूळ लय खाल्ले वाटते." आमच्याकडे तसा समज आहे. नर्सने तिला दटावलं, की सगळ्याच बाळांना असतं ते, लवकर आलेल्यांना जास्त. मला तेव्हा त्या आयाचा राग आला नाही. मला वाटलं, म्हणजे तिला पोचले तर होते.

ती रडली. बारीक, मांजराच्या पिल्लासारखी. मग तिला नेलं आणि माझं रक्त थांबेना. त्यानंतरचं मला तुकड्यांत आठवतं. छतावरचा दिवा. पोट जोरात दाबणारे हात. कुणीतरी माझं नाव घेत होतं, पूर्ण नाव, शाळेच्या हजेरीसारखं, आणि मला ओ द्यायची होती पण तोंड फार लांब होतं.

शुद्धीवर आले तेव्हा ती काचेपलीकडच्या खोलीत होती. मला चालता येत नव्हतं. सासूबाई दोन्हीकडे येरझाऱ्या घालायच्या आणि मला बातम्या आणायच्या. डोळे उघडले. पाय झाडले. नाक प्रमोदचं आहे, पण कपाळ माझ्या आईसारखं असावं, असा त्यांचा अंदाज. माझ्या आईला त्यांनी फक्त फोटोत पाहिलं होतं.

एकदा मला चाकाच्या खुर्चीतून नेलं. हात धुवून, अंगात घातलेला हिरवा डगला सावरत मी तिच्या काचेच्या पेटीच्या गोल छिद्रातून बोट आत घातलं. तिने ते धरलं. नर्स म्हणाली, सगळीच बाळं धरतात, तो त्यांचा गुण असतो. मी मान डोलावली. शास्त्र मलाही कळतं. मी तरी बोट काढलं नाही, तेव्हा नर्सनेच हळूच खुर्ची मागे घेतली.

शेजारची साकोलीची बाई त्या दिवसांत माझे केस विंचरून द्यायची. स्वतःचं बाळ कुशीत असताना ते माझ्या नजरेआड व्हावं म्हणून ती भिंतीकडे तोंड करून पाजायची. जगात एवढी सभ्यता मी फार ठिकाणी पाहिलेली नाही.

ती गेली तेव्हा सकाळचे डबे आले होते. डॉक्टरबाई स्वतः आल्या, मागे प्रमोद. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, त्यामुळे त्यांना सांगावं लागलं नाही. तिला आणून माझ्या मांडीवर दिलं. कपड्यात गुंडाळलेली ती इतकी हलकी होती की मी दोनदा कपड्याचं टोक उचलून पाहिलं, आत आहे ना. सासूबाई तिच्या पायाचा अंगठा धरून बसल्या. त्या रडत नव्हत्या. एवढंच म्हणत होत्या, "सात दिवस तरी राहायचं होतं ना बाई. तुह्या काकाहून एक दिवस जास्त."

मग तिला नदीकाठी न्यायचं ठरलं. माझ्या हातात तिसरी पिशवी लावलेली होती. अर्धी झाली होती. काढता येणार नाही म्हणाले, आणि तसंही बायका जात नाहीत. प्रमोद तिला घेऊन गेला. खिडकीतून वैनगंगा दिसत नाही, फक्त कुणाच्यातरी इमारतीची मागची बाजू दिसते. मी त्या पिशवीकडे पाहत राहिले. थेंब पडत होता. थोडा वेळ थांबून पुढचा. कुण्या अनोळखी माणसाचं रक्त माझ्यात येत होतं, मी बरी होत होते, आणि ते मला थांबवता येत नव्हतं.

त्याच संध्याकाळी दूध आलं. त्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. येतं. त्याला कुणी कळवलेलं नसतं.

पुन्हा तांदूळ

बरं होणं फार कंटाळवाणं असतं. आता आम्ही दोघी गोळी घेतो, जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत. सासूबाई मला आठवण करतात: "चायसंगं नको घेजो." मी त्यांना करते. भात तिघांचा एकदम वाढला जातो. सासूबाईंना ते अजून जमत नाही, दोन घास खाऊन काहीतरी आणायला उठतात. मी ताटावर हात धरून बसते, तेव्हा येतात. जिना चढते, धाप लागत नाही. वाचनालयात कुणी गरोदर बाई आली की मी तिचे डोळे पाहते, पुस्तक नंतर देते. आगाऊ समजतात मला. समजोत.

यंदाचं धान आलं. गिरणीतून तांदूळ घरी आले आणि सासूबाई सूप घेऊन बसल्या. पाखडता पाखडता त्यांचे हात थांबले. त्यांनी चार दाणे तोंडात टाकले, चावले आणि माझ्याकडे पाहिलं.

"काहीच नाही लागून राहिलं," त्या म्हणाल्या. आयुष्यभराची ओढ होती ती. घाबरल्यासारख्या दिसत होत्या. मग त्यांनी सूप माझ्यापुढे सरकवलं, त्याच हाताने, तसंच. "तू खाऊन पाय बरं."

मला नको होतं. ती ओढ केव्हाच गेली होती, दवाखान्यातच, तिसऱ्या पिशवीनंतर. पण मी ते कुणाला बोलले नव्हते आणि कधी खाऊनही पाहिलं नव्हतं. जोवर खाऊन पाहिलं नाही तोवर एक गोष्ट माझ्याजवळ होती: एवढे महिने आत कुणीतरी काही मागत होतं आणि मी ते दिलं होतं. तिला दुसरं काही द्यायला मिळालंच नाही.

मी चिमूट घेतली. दाणा दाताखाली फुटला. तांदूळ होता. कच्चा, कोरडा, थोडासा कोंड्याच्या वासाचा.

"लागते का गोड?" सासूबाईंनी विचारलं.

मी नाही म्हटलं. त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा पाखडायला लागल्या.